वळणाआधीचे तीन ठोके

ऑक्टाव्ह मूटनने बत्तीस वर्षं न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्यावर कॉफीची पोती वाहिली आणि सत्तेचाळीस वर्षं मोठा ढोल गळ्यात अडकवून बँडबरोबर चालला. दोन्हींत जड काय, असं कुणी विचारलं की म्हणे, "अंत्ययात्रेची संथ चाल. पोतं निदान खाली ठेवता येतं."

बँड त्याच्या आजोबांनी काढलेला. चर्चमधली भजनं, फौजी कवायतीच्या धुना, हवानाच्या खलाशांचा लचकता ठेका, सगळं त्यात मुरलेलं. पुढे तरुणांनी नाचघरातली गाणी आणली. ऑक्टाव्ह कुरकुरला आणि तीही शिकला. अंत्ययात्रेची रीत मात्र तीच राहिली. शववाहिका वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत शोकाची संथ धून, मग ढोलाचे तीन झपझप ठोके. त्या खुणेवर बँड उसळायचा, छत्र्या उघडायच्या, लोक नाचायचे.

बँडचा ट्रम्पेटवाला लुसियन शेवटच्या आजारात अंथरुणावरून ऑक्टाव्हला म्हणाला होता, "वळणापर्यंत मला घाई करू नकोस. जन्मभर हिनं केली तेवढी पुरे."

"मी होते म्हणून पोचायचात वेळेवर," उशाशी बसलेली त्याची बायको उर्स्युल म्हणाली.

"शब्द दिला," ऑक्टाव्ह म्हणाला.

तेव्हा हात धड होता. दोन महिन्यांत उजवं मनगट थरथरू लागलं. रोज सकाळी तो मागच्या दारी जुन्या गादीवर शंभर ठोके मारी. ऐंशीच्या पुढे हात ऐकत नसे. हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

लुसियन गेला. अंत्ययात्रेच्या दिवशी चर्चच्या पायरीवर, बँडमध्ये छोटा ढोल वाजवणाऱ्या शनेलने ऑक्टाव्हचं मनगट पाहिलं.

"काका, मोठा ढोल मी घेते. तुम्ही नुसते चाला."

"तुझ्या ढोलाखालच्या तारांत रुमाल सारलास? आवाज दबला पाहिजे. तेवढं बघ."

वळण चार चौक लांब होतं. हात उचलायचा, रोखायचा, सोडायचा. उचलण्यात कष्ट नाहीत, रोखण्यात आहेत. तिसऱ्या चौकात खांदा भरून आला. पुढे शववाहिका, तिच्यामागे उर्स्युल, पलीकडे वळण दिसत होतं. ऑक्टाव्हने एका ठोक्यासाठी हात न रोखता सोडला. ठोका पडला, पण मनगट थांबलं नाही. झपकन दुसरा पडला. तिसरा. खुणेचेच तीन.

शनेलच्या बोटांनी रुमाल ओढून काढला. सवयीला विचार लागत नाही. कर्णे दणाणले, छत्र्या उघडल्या.

"अरे थांबा! अजून नाही!" ऑक्टाव्ह ओरडला. त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही.

शववाहिकेच्या चालकाला वाटलं, आपल्यालाच उशीर झाला. त्याने वेग घेतला आणि गाडी वळणाआड गेली. उर्स्युल गाडीमागे दोन पावलं धावली, थांबली, वळली.

"भावजी?" तिचे ओठ हलले.

ढोल थांबला असता तर मागच्यांचे पाय अडखळले असते. तो वाजवत राहिला. जलद ठेक्यात हात एकदाही चुकला नाही.