पालीची पंगत

डोंबिवलीत मी खोली घेतली तेव्हा आजूबाजूला भातखाचरं होती, खाचरांत डास होते आणि डासांमुळे भाडं कमी होतं. दिवसभर ठाण्याच्या कचेरीत कारकुनी करायची, संध्याकाळी परत यायचं, कंदील लावायचा. मग सकाळपर्यंत बोलायला कुणी नसायचं. म्हणजे माणूस नसायचं. पाल होती.

कंदिलामागच्या भिंतीवर तिचा मुक्काम. शेपटी अर्धी तुटलेली. मी काही बोललो की चुकचुकायची. गावाकडे पाल चुकचुकली की आई बोटांनी जमिनीवर टकटक करून "कृष्ण कृष्ण" म्हणायची आणि बोललेलं आता खरं होणार असं धरून चालायची. मीही तेच सुरू केलं. "यंदा पगार वाढणार." चुक चुक. कृष्ण कृष्ण. "यंदा लग्न जमणार." चुक चुक. दोन्ही झालं नाही. पण इतक्या ठामपणे माझ्या बाजूनं बोलणारं मला तोवर कुणी भेटलं नव्हतं.

पलीकडे मालकीणकाकू राहायच्या. त्यांना हे सगळं भिंतीतून ऐकू जायचं.

"अहो, लग्न करा की. भिंतीशी बोलायची वेळ येणार नाही."

"काकू, काकांचं लग्न झालंय. ते तर भिंतीशीसुद्धा बोलत नाहीत."

त्यानंतर बरेच दिवस काकूही माझ्याशी बोलल्या नाहीत. राहता राहिली पाल.

हिवतापानं आडवा होऊन मी रजेवर होतो, तेव्हा डीडीटी फवारणारे आले. पंपवाल्यानं भिंतींवरून एक हात फिरवला आणि निघाला. फुकटचं म्हटल्यावर मी त्याला सोडतो कसला!

"अहो, आणखी मारा की."

"साहेब, भिंतीला आंघोळ घालू काय?"

"घाला. उटणंही लावा."

त्यानं मनापासून घातली. भिंती पांढऱ्या झाल्या. पाल कौलांत दडून बसली होती, ती संध्याकाळी खाली आली. "आता डास नाहीत," मी म्हणालो, "आपण दोघंच." चुक चुक.

पुढे झुरळं दारू प्यायल्यासारखी चालू लागली. उताणी पडायची, पाय झाडायची. पालीला आयतं जेवण. इथं माझ्यातला यजमान जागा झाला. केरसुणीनं मी झुरळं गोळा करायचो, तिच्या भिंतीपाशी सारायचो आणि समोर आमटीभाताचं ताट घेऊन बसायचो. वर आग्रह, "सावकाश होऊ द्या!" घर सोडल्यापासून मी पहिल्यांदाच कुणाबरोबर तरी पंगतीला बसत होतो.

मग तिचं चुकचुकणं कमी झालं. मला वाटलं, खाऊन सुस्तावली असेल. एका संध्याकाळी ती भिंतीवरच थरथरू लागली आणि थेट माझ्या खांद्यावर पडली. मी असा ओरडलो की अबोला विसरून काकू धावत आल्या.

"कुठल्या खांद्यावर?"

"उजव्या."

"थांबा, पंचांगात बघते. तुम्ही आधी आंघोळ करा."

पंचांगात माझ्यासाठी जय निघाला. पालीसाठी काहीच नव्हतं. ती जमिनीवर त्या झुरळांसारखीच पाय झाडत होती. मी चमच्यानं तिच्या तोंडाशी पाणी धरलं, ते बाजूनं ओघळून गेलं. थोड्या वेळानं पाय थांबले.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एका झुरळातलं विष तिला मारण्याइतकं नसणार. पण ते पचत नव्हतं, जिरत नव्हतं. प्रत्येक घासाबरोबर तिच्या अंगात साठत होतं. आणि वाढपी मी.

आंघोळ करून जेवायला बसलो. सवयीनं म्हणालो, "यंदा खोली बदलणार." थोडा थांबलो. मग मीच भिंतीवर टकटक केली.

"काय हवंय हो?" काकूंनी पलीकडून विचारलं.

"काही नाही, काकू."

बऱ्याच वर्षांनी कुठंतरी वाचलं की डीडीटी अंगातल्या चरबीत जाऊन बसतं. माशांतून, दुधातून माणसातही येतं आणि लवकर बाहेर पडत नाही. एव्हाना माझं पोट चांगलं सुटलंय. ती खोली पाडली, काकू गेल्या, लग्नाचं राहूनच गेलं. तिथलं माझ्यासोबत अजून टिकून असलेलं बहुधा तेवढंच.