पहद म्हणजे आदरयुक्त धाक

काकूंचं उभं आयुष्य एका शब्दकोशाच्या पंक्तीला बसून गेलं. यजमान धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात हिब्रू शिकवायचे. त्यांना सगळे सर म्हणत, आणि त्या सगळ्यांत काकूही आल्या. सर प्राचीन हिब्रू शब्दांचा कोश रचत होते. घरातला नियम असा, की संध्याकाळच्या जेवणाला सर एक नवा शब्द घेऊन बसणार, त्याचा अर्थ सांगणार, आणि तो शब्द घालून प्रत्येकाने एक वाक्य केल्याशिवाय कुणी घासाला हात लावायचा नाही. वाक्य चुकलं की पुन्हा. सर ओरडत नसत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते चमचा खाली ठेवून नुसते बघत बसायचे, आणि ते बघणं लवकर संपत नसे. कधी हातही उचलत, पण काकूंना विचाराल तर हात परवडायचा.

एका संध्याकाळी शब्द आला 'पहद'. सरांनी सांगितलं, ही साधी भीती नव्हे. ही हाडांत शिरते, हाडं थरथरवते. संकट दाराशी यायच्या आधीच ही घरात येऊन बसलेली असते. बायबलात बापाने ज्याला बळी द्यायला वेदीवर बांधलं होतं तो मुलगा वाचला, मोठा झाला, आणि पुढे त्याच्या देवाचं एक नावच पहद पडलं. "करा वाक्य," सर म्हणाले.

काकूंनी आपलं बेताचं वाक्य केलं. वादळात नावाड्यांना पहद वाटला. सरांनी मान हलवली. मग पाळी मुलाची. तो तेव्हा दुसरीत असेल. ताटातल्या निवत चाललेल्या भाजीकडे बघत तो म्हणाला, "बाबा घरी आले की मला पहद वाटतो."

काकूंनी सरांच्या चमच्याकडे पाहिलं. आणि सर चक्क हसले. पोराची पाठ थोपटून म्हणाले, "शाब्बास! अगदी अचूक. यालाच म्हणतात आदरयुक्त धाक."

कोशात तोच अर्थ छापला गेला. हाडं, थरथर, वेदीवरचा मुलगा, सगळं गळालं आणि आदर तेवढा उरला. विद्वान माणसाला स्वतःची स्तुती कशातही सापडते, तशी ती सरांना पोराच्या थरथरीत सापडली. पुढे दरवर्षी तो शब्द शिकवायची वेळ आली की सर हा किस्सा वर्गात रंगवून सांगत. हशा पिकायचा. घरी पाहुणे आले की मुलाला समोर उभं करून सांगत. मुलगाही हसायला शिकला. कमावता झाल्यावर पहिल्या पगारात त्याने लांबच्या शहराचं तिकीट काढलं आणि गेला तो गेलाच. सर चारचौघांत म्हणायचे, "पोरगा स्वाभिमानी निघाला, माझ्यावर गेलाय."

काकूंना आयुष्यात मागायचं असं एकच होतं, मुलाकडे जाऊन राहायचं. सर कॉलेजात असताना त्याचा फोन यायचा. "आई, तुझी खोली तयार आहे. सकाळचं ऊन येतं बघ." काकू म्हणायच्या, "येईन रे." पण सरांना विचारणार कोण? एकदा दुपारभर त्यांनी वाक्य घोकलं, 'मी महिनाभर त्याच्याकडे जाऊन येऊ का?' सर आले, चष्म्यावरून त्यांनी पाहिलं, आणि काकूंच्या तोंडून निघालं, "चहा टाकू का?" अशी किती वर्षं गेली ते त्यांनी मोजायचंही सोडून दिलं.

मग सर निवृत्त झाले आणि काचबिंदूने त्यांचे डोळे नेले. आधी एक, मग दुसरा. बाथरूमपर्यंत नेणं, ताटात कुठे काय ते सांगणं, नखं कापणं, सगळं काकूंवर आलं.

एका दुपारी सर खुर्चीत बसले होते. काकू अनवाणी खोलीत आल्या. सरांनी मान वळवली. "कोण आहे?"

'मी' म्हणायला काकूंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. का, ते त्यांना सांगता येणार नाही. सर पुन्हा म्हणाले, "कोण आहे? अगं, तू आहेस का? बोल ना." त्यांचा हात खुर्चीच्या कडेवर चाचपडू लागला. मनगट थरथरत होतं. काकू बघत राहिल्या, अगदी निवांत. मग पावलं न वाजवता स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी वाजवत परत आल्या. "हाक मारलीत का हो?"

"कुणीतरी होतं इथे."

"भास झाला असेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच केलं, आणि मग ते रोजचंच झालं. औषधाची वेळ कधी चुकली नाही, शर्टाची इस्त्री मोडली नाही, सरांना ठेच लागू दिली नाही. शेजारीण म्हणायची, "सेवा करावी तर काकूंनी!" काकू मान खाली घालायच्या. लाज वाटत नव्हती असं नाही. खूप वाटायची. पण त्या लाजेखाली काहीतरी गोड लागत होतं, आणि एवढ्या संसारात गोड लागलेलं तेवढंच होतं.

आणि अशात मुलाचा फोन आला. "आई, सगळं ठरवलंय. बाबांसाठी चोवीस तास माणूस ठेवतोय. बाबांशी बोललो, ते हो म्हणाले. तू फक्त ये."

काकूंचा विश्वास बसेना. फोन हातात धरूनच त्यांनी दारातून विचारलं. सर म्हणाले, "जा तू. खरंच जा. मी तुला फार अडवलं." मग म्हणाले, "फक्त तो माणूस बोलका असू दे. खोलीत येताना आवाज देणारा."

काकू फोन घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. हे ऐकायला जन्मभर थांबल्या होत्या त्या. बॅग भरायची आणि निघायचं, एवढंच उरलं होतं.

"नको रे," त्या म्हणाल्या. "मी इथेच राहते."

"आई, अजून भीती वाटते त्यांची?"

"नाही. आता नाही वाटत."

"मग का येत नाहीस?"

काकूंना उत्तर माहीत होतं, पण ते मुलाला सांगण्यासारखं नव्हतं. "नंतर बोलू," म्हणून त्यांनी फोन ठेवला. पलीकडे सर दाराकडे कान लावून बसले होते. काकू त्यांच्या खुर्चीजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी आवाज दिला नाही.