सातवा भाग

पाथरीच्या बसस्थानकाबाहेर तो पोत्यावर जुनी पुस्तकं मांडून बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. अंतराळातल्या लढायांची सात भागांची एक चित्रमालिका तो दिसेल त्याला सुचवायचा. ती विकायची नव्हती, तिथंच बसून वाचायची. मागच्या भागात काय झालं ते सांगितल्याशिवाय पुढचा भाग मिळत नसे.

"सर, राणीचं जहाज कुणी फोडलं?" चष्मा कपाळावर सरकवून तो विचारायचा.

"तिच्याच भावानं," मी हळू आवाजात सांगायचो. शाळेत मी जन्मभर मुलांकडून असलीच पुस्तकं जप्त केली होती. त्यामुळे मी वर्तमानपत्राआड धरून वाचायचो.

सातवा भाग हातात घेतला आणि समोरून एक जुना विद्यार्थी आला. मी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि तसाच बसमध्ये चढलो.

नंतर दोन वर्षं मी तिथूनच बस पकडत होतो. मला पाहिलं की तो गिऱ्हाइकाला जरा मोठ्यानंच सांगायचा, "सहा भाग लय भारी हायत. सातवा एकानं नेलाय. आणून देईल. एवढं वाचणारा माणूस चोर नसतो." मी पाठ फिरवून उभा राहायचो.

परवा अखेर मी ते पुस्तक त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं बाहीनं धूळ पुसली.

"राणी घरी पोचली का सर? मी बी वाचला न्हाई अजून."

"मीही नाही," मी म्हणालो. लाजेनं मी ते कधी उघडलंच नव्हतं.

तो पोत्यावर थोडा सरकला. "बसा मग," म्हणाला.