वहिनींचा सत्कार

लखनौच्या विकास नगरात आमच्या शेजारी एक मराठी शास्त्रज्ञ राहत. नव्वदच्या दशकात त्या गल्लीत मराठी घरं दोनच, म्हणून रोज गाठ पडे. माझ्याशी बोलताना ते माझ्या स्कूटरच्या आरशात पाहत आणि मिशीवरून बोट फिरवत.

"बायका भावनाप्रधान हो. आपलं तसं नाही," असं ते एकदा सांगत होते आणि मधेच सब्जीवाल्यावर असे कडाडले, की तो ठेला घेऊन पळाला.

मी म्हणालो, "राग भावनाच ना?"

"छे, तो स्वभाव."

त्यांच्या पत्नी शाळेतून निवृत्त झाल्या, तेव्हा मराठी मंडळाने त्यांचा सत्कार केला. वहिनी भाषण लिहून घेऊन आल्या होत्या. आधी शास्त्रज्ञांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी आपलं बालपण, आपलं संशोधन, आपलं हुकलेलं प्रमोशन सगळं सांगितलं. "अशा माणसाशी संसार करायला मिळाला, हे हिचं भाग्य," म्हणताना त्यांना हुंदका आवरेना. तेवढ्यात हॉल रिकामा करायची वेळ झाली. वहिनींनी कागदाची घडी पर्समध्ये ठेवली.

बाहेर डोळे पुसत त्यांनी मला विचारलं, "छान झाला ना हिचा कार्यक्रम?"

दुसऱ्या दिवशी वहिनी आमच्याकडे आल्या. "भावजी, पाच मिनिटं आहेत का?" म्हणत त्यांनी मला आणि माझ्या बायकोला ते भाषण वाचून दाखवलं. त्यात शाळेच्या मुली होत्या, फाटकावरचा चौकीदारही होता. नवरा कुठेच नव्हता.