लपवलेले बारा दिवस

डॉक्टर मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. कोणी ऐकत तर नाही ना? आत माझी मुलगी, सलाईन ओढून काढू नये म्हणून हात बांधलेल्या अवस्थेत पडली होती आणि मला काळजी लोकांची होती.

नाव होतं ऑटोइम्यून एन्सेफलायटिस. मॅडमनी सोपं करून सांगितलं, "शरीराचं रक्षण करणारी शक्तीच चुकून मेंदूवर उलटली आहे. हे वेड नाही. उपचार आहेत, पण उशीर झालाय." उशीर कोणामुळे झाला ते मला चांगलं माहीत होतं.

आम्ही मध्य प्रदेशातल्या बालाघाटचे. मी घरी ब्लाउज शिवते, प्रणालीचे बाबा राईस मिलमध्ये आहेत. प्रणाली एकुलती एक, बी.एड. करत होती. लांजीच्या मुलाशी तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं आणि आठवडाभरातच काहीतरी बिनसलं. तिची झोप उडाली. एकच प्रश्न वीस वेळा विचारायची. एकदा वरणात साखर ओतली आणि हसतच सुटली. मग बाबांकडे बोट दाखवून म्हणाली, "हा कोन मानूस आहे? याले बाहेर काढ." ते भरल्या ताटावरून उठून गेले.

तिला डॉक्टरकडे न्यायचं सोडून मी दार लावून घेतलं. आमच्याकडे साक्षगंध झालेल्या मुलीला साधी शिंक आली तरी ती सासरी ऐकू जाते. शेजारीण विचारायची, "पोरगी दिसत नाही?" मी म्हणायची, "अभ्यास करून राह्यली." असे मी बारा दिवस काढले. मोठी हुशारी केली असंच वाटत होतं मला!

तेराव्या दिवशी तिला ताप भरला आणि आकडीचा झटका आला. बालाघाटच्या डॉक्टरांनी पाहिलं न पाहिलं तोच सांगितलं, "इसे नागपुर ले जाओ, देर मत करो."

नागपुरात तपासण्यांची रांग लागली. एमआरआय, म्हणजे मेंदूचे फोटो, चांगले आले. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, बिघडलेला होता. लंबर पंक्चर, म्हणजे पाठीच्या कण्यातून सुईने पाणी काढतात. ते चाललं असताना मी बाहेर फरशा मोजत होते आणि आकडा दर वेळी चुकत होता.

मॅडमनी विचारलं, "तापाच्या आधी वागण्यात काही बदल झाला होता?"

शेजारच्या स्टुलावर विहीणबाई बसल्या होत्या, प्रणालीची होणारी सासू. लांजीहून डबा घेऊन आल्या होत्या. मी म्हणाले, "नाही मॅडम. एकदम चांगली होती."

मग विषाणूमुळे मेंदूला सूज आली असावी असं धरून औषधं चालू झाली. प्रणालीचं बोलणं बंद झालं. काही चघळत असल्यासारखं तिचं तोंड आपोआप हलायचं. मला बाकावर पाच मिनिटं बसवेना. उठायचं, काचेतून पाहायचं, पाणी प्यायचं, पुन्हा उठायचं. चार दिवस हेच.

पाचव्या दिवशी मॅडमनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. विहीणबाई समोरच होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग प्रणालीच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं आणि भडाभडा सगळं बोलून टाकलं. साखर, वरण, बाबा, बारा दिवस.

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?" मॅडमचा आवाज चढला होता. विहीणबाईंनी डबा उचलला. "आमाले तरी सांगाचं होतं, बाई," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

त्याच दुपारी मॅडमनी ते नाव सांगितलं. मेंदूवर उलटलेल्या अँटिबॉडी शोधायची तपासणी पाठवली, पण रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू केले. पाच दिवस सलाईनमधून स्टेरॉइड, भडकलेली प्रतिकारशक्ती शांत करायला. मग आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या चांगल्या अँटिबॉडी. कधीकधी अंडाशयातल्या गाठीमुळे हा आजार होतो, म्हणून सोनोग्राफीही झाली. गाठ नव्हती. रिपोर्टने आजार पक्का केला. तरी सुधारणा पुरेशी दिसेना, तेव्हा रिटुक्सिमॅब दिलं. ते या चुकीच्या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी कमी करतं.

"महिने लागतील," मॅडम म्हणाल्या. "सगळे सारखे बरे होत नाहीत. जितके लवकर उपचार, तितकी आशा जास्त."

महिनाभराने एका सकाळी ती म्हणाली, "बाबा, जेवले का?" ते जिन्यात जाऊन रडले. मी तिथेच, सगळ्यांसमोर रडले.

लग्न मोडलं. लांजीहून तसा निरोप आला. मला आधी राग आला, मग लाज वाटली. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं.

तुमच्या घरी कोणी अचानक असं विचित्र वागू लागलं तर दार लावू नका. डॉक्टरांना पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगा, लाज वाटेल ते तर आधी सांगा.

हे मी सांगतेय खरी, पण परवा तपासणीला गेलो तेव्हा मॅडमनी विचारलं, "काही त्रास?" आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "नाही, सगळं ठीक आहे."

प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. "आई, तू बाहेर बस. मले सांगू दे."

मी बाहेर येऊन बसले. दार अर्धवट उघडं होतं. आतून तिचा खणखणीत आवाज येत होता, "मॅडम, दोन दिवसांपासून झोप नाही मले. शब्द इसरते." मॅडम एकेक विचारत होत्या, ती एकेक सांगत होती. मी कानात प्राण आणून ऐकत होते. बाक माणसांनी भरला होता, आणि आणखी कोण ऐकतंय ते पाहायचं माझ्या लक्षातच आलं नाही.