चौसरीपुरती धार

अकोल्यात मोर्णेच्या काठी किसनरावाचा भाजीचा मळा होता, आणि गल्लीत त्याची बदनामी एकाच गोष्टीसाठी होती: तो बायकोला नावानं हाक मारायचा. साठ-एकसष्टचं साल ते! भले भले घरधनी "अवं, ऐकलं का" याच्या पुढे जात नसत. हा गडी मात्र वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन फाटकातूनच ओरडायचा, "मनकर्णे, पानी आन!" सासू कपाळावर हात मारून घ्यायची. मनकर्णाबाई वरवर लाजायची. पण खरं सांगू? तिचे कान दिवसभर त्या हाकेकडेच असायचे.

मग किसनराव विसरायला लागला. आधी विळा कुठं ठेवला ते, मग बाजाराची वाट, आणि एका पोळ्याला तर बायकोलाच. साठी आली नाही तोच बुद्धी नाठी, म्हणून लोक हसले. हसणाऱ्यांचं काय जातं!

शेजारचे देवीदास मास्तर म्हणाले, "काकू, डोकं म्हंजे विळा. चालता ठेवला का धार राह्यते. काकाले चौसर शिकवा." मनकर्णाबाईनं ट्रंकेतून माहेरचा पट काढला. मळ्याचं काम थोरल्या लेकाच्या, श्रावणच्या गळ्यात घातलं आणि रोज दुपारी ती नवऱ्यासमोर कवड्या घेऊन बसू लागली.

आणि काय सांगू, गडी सुधारला! आधी सोंगटी उलटीच चालवायचा. उन्हाळा लागेपर्यंत तिची सोंगटी घरात शिरता शिरता मारायला लागला. मास्तरांनाही त्यानं हरवलं. मनकर्णाबाईचा हर्ष मनात मावेना. आज खेळ आठवला, उद्या मळा आठवेल, परवा मी. ताट वाढताना, पांघरूण घालताना ती थांबायची, आता हाक मारेल म्हणून.

पण जेवण झालं की नाही, हे त्याला अजून सांगावं लागे. श्रावणला तो पाहुणा समजून "बसा जी" म्हणे.

"मास्तर, खेळाची धार खेळातच राह्यते का हो?" तिनं एकदा विचारलंच.

मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली. "बाकीच्यातबी उतरन, असं मले वाटलं होतं काकू. मले तरी कुठं ठाऊक होतं?"

तरी तिनं पट गुंडाळला नाही. कसा गुंडाळणार? तेवढा वेळ तरी तो तिच्याकडे डोळे उघडून पाहायचा. तेवढ्यासाठी ती सकाळपासून झुरायची.

एका सांजेला किसनराव जिंकला आणि खदाखदा हसला, अगदी पूर्वीसारखा. मनकर्णाबाईचा जीव कानांत गोळा झाला. तो अदबीनं म्हणाला, "बाई, तुमी लई चांगल्या खेळता. पन दिवे लागले. घरी जा आता. तुमचा मानूस वाट पाहून राह्यला असन."

"जातो जी," ती म्हणाली. पुढच्या दारानं बाहेर पडली, ओट्यावर पदरात तोंड खुपसून रडली. मग घराला वळसा घालून मागच्या दारानं आत आली आणि त्याच्यासाठी भाकरी थापायला बसली.