लाल पट्ट्यातली वाट

टोपलीवर लिहायचा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमचं घर बुरुडांचं. पण घरातून कॉलेजात गेलेला पहिला मी, त्यामुळे बांबू फोडायची कोयती माझ्या हाती कधी आलीच नाही. आई म्हणायची, बोट कापलं तर पेन कशानं धरशील? ती कामट्यांच्या ढिगात बसायची आणि मी भिंतीकडे तोंड करून गणितं सोडवायचो. तेव्हा काही चुकलं तर समजून घ्यावं.

जर्मनीत, म्युनिकजवळच्या गार्चिंगला मास्टर्स करायला आलो. गेल्या हिवाळ्यात म्युनिकच्या एका संग्रहालयात टोपल्या विणायला शिकवत होते. शिकवणाऱ्या बाई अमेरिकेतल्या वाळवंटातून आलेल्या, नावाहो जमातीच्या. माझा पुण्याचा फ्लॅटमेट म्हणाला, थीसिस लिहायचाय, विणायचा नाहीये. तरी दर शनिवारी मी यू-बान मेट्रो पकडून जाऊ लागलो.

त्यांची रीत आमच्याहून वेगळी. आमच्या कामट्या एकमेकींच्या खालीवर जातात. त्या मात्र मधून सुरुवात करून काडीचं वेटोळं वाढवत नेतात आणि टोच्याने भोक पाडून रंगीत पट्टीने ते शिवतात. त्यांनी गावाकडचे फोटो दाखवले. सकाळी फिकट दिसणारे कडे संध्याकाळी केशरी होतात, मग लालभडक. टोपलीतल्या काळ्या पायऱ्या म्हणजे त्यांचे डोंगर, लाल पट्टा म्हणजे डोंगरावरचा उजेड. बाहेर आभाळ राखाडी होतं, पण आमच्या टेबलावर ऊन पडल्यासारखं वाटायचं.

मला ते जमू लागलं. इतकं, की शेजारच्या जर्मन आजी माझं बघून टाके घालायच्या आणि मी त्यांना 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर, म्हणायचो. आमच्याकडे वळ, म्हणजे विणीचा फेरा, अर्धवट सोडलेली टोपली उंबऱ्याबाहेर जात नाही. हाताला तेवढंच ठाऊक. मी लाल पट्टा गोल फिरवला, टोकाला टोक जुळवलं आणि टोपली ऐटीत बाईंपुढे ठेवली.

त्या हसल्या. स्वतःची टोपली उचलून त्यांनी दाखवली. लाल पट्टा एका जागी थांबला होता आणि मधल्या पांढऱ्या भागातून कडेपर्यंत फिकी वाट गेली होती.

"विणणाऱ्याचं मन आत कोंडून राहू नये म्हणून," त्या म्हणाल्या. "तू अशी वाट ठेवायलाच हवीस असं नाही."

मी लाल पट्ट्यातले वाटेपुरते टाके उसवून तिथे पांढरी पट्टी भरली.

टोपली आईला पाठवली. फोनवर पार्सल येतंय एवढंच सांगितलं. शिकायला पाठवलेला मुलगा टोपल्या विणत बसला म्हणून तिला वाईट वाटेल का? की तिचं काम माझ्याही हातात उतरलंय हे तिला दिसेल? पार्सल कस्टम्समध्ये अडकलं. लेक्चर चालू असतानाही मी ट्रॅकिंग बघत होतो.

काल मेन्सात, विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, जेवताना तिचा व्हॉइस मेसेज आला. मागे शेजारणींचा कलकलाट.

"पोचली रं टोपली. लाल रंग संपला हुता काय? ऱ्हाऊ दे, दारातनं उजेड आत आल्यावाणी दिसतंय. सगळ्यास्नी दावली. आता सुट्टीला आलास की कोयती देते हातात."